रिफ्रेशसाहेब

साहेबांचं खरं नाव वेगळं आहे. व्हिजिटिंग कार्डावर ते उठावदार अक्षरांत छापलेलं आहे आणि त्याखाली ‘व्हाइस प्रेसिडेंट (ऑपरेशन्स)’ असंही आहे. पण चाकणच्या त्या कारखान्यात गेटवरच्या वॉचमनपासून अकाउंट्सच्या मॅडमपर्यंत सगळे त्यांना रिफ्रेशसाहेब म्हणतात. अर्थात पाठीमागे. समोर ‘सर’.

आधीच सांगून ठेवतो की हा कुणी एक माणूस नाही. असे साहेब रांजणगावला आहेत, वाळूजला आहेत, सातपूरला, बुटीबोरीला, गोव्यात वेर्ण्यालाही आहेत. माझा धंदा या मंडळींना पडदे पुरवण्याचा. कंपनीच्या सर्व्हरवर साठलेले आकडे गोळा करायचे आणि साहेबलोकांना ते ब्राउझरमध्ये रंगीत होऊन दिसतील अशी व्यवस्था करायची. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. तेव्हा खाली रंगवलेला साहेब पाच-सात गिऱ्हाइकांचं मिश्रण आहे. कुणी स्वतःला त्यात ओळखू नये, आणि ओळखलंच तर निदान माझं बिल अडवू नये.

वय पन्नाशीच्या पुढे. चष्मा कपाळावर, कारण फोन डोळ्यांजवळ धरूनच नीट दिसतो. फोन दोन, एक कंपनीचा आणि एक स्वतःचा, आणि डॅशबोर्ड दोन्हींवर, कारण एकावर रेंज गेली तर? उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कायम तो दुखण्यावर बांधायचा कातडी रंगाचा पट्टा. अंगठ्याचं काम एकच. पडदा वरून खाली ओढायचा आणि सोडायचा. वर एक गोल चक्र फिरतं आणि आकडे पुन्हा येतात. ही युक्ती लोरेन ब्रिक्टर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने काढली, ट्वीट वाचायच्या एका ॲपसाठी. सिगारेट ओढणारे साहेब मी पाहिले होते. पडदा ओढणारे साहेब या युक्तीनंतर आले.

लिफ्टमध्ये ओढतात. गणपतीच्या आरतीत ‘घालीन लोटांगण’ला सगळे स्वतःभोवती गिरकी घेत असताना साहेब अर्ध्या गिरकीत थांबून ओढतात. पाहुण्याकडे मयताला गेले तरी चपला काढायच्या आधी एकदा ओढून घेतात. यावरून लोकांना वाटतं, साहेबांना आकड्यांचं वेड आहे. माझा अनुभव निराळा आहे. आकडा काय आहे याच्याशी साहेबांचं फारसं देणंघेणं नसतं. तो आपल्याआधी दुसऱ्या कुणाला कळला नाही ना, एवढीच त्यांची काळजी.

यामागे एक जुनं दुखणं आहे. साहेब नोकरीला लागले 1991च्या सुमाराला, ट्रेनी इंजिनिअर म्हणून. त्या काळात कारखान्यात ईडीपी नावाचं, म्हणजे कॉम्प्युटरचं, खातं असे. तिथे एसी असे, आणि आत जायचं तर चपला-बूट बाहेर काढावे लागत. देवघरानंतर हा मान त्याच खोलीला. महिन्याच्या सात तारखेला त्या खोलीतून प्रिंटरचा किर्र आवाज येई आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, 132 अक्षरांच्या रुंद कागदावर महिन्याचा एमआयएस, म्हणजे साहेबलोकांसाठीचा आकड्यांचा रिपोर्ट, छापून निघे. तो पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, ईडीपीचा मॅनेजर स्वतः जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये नेई. दार बंद होई. जेवणाची वेळ टळून जाई. मग जीएमसाहेब बाहेर येत आणि नुसतं ‘हं’ म्हणत.

त्या एका ‘हं’वर कारखाना पुढचा आठवडा हादरत असे. प्रॉडक्शनवाल्यांना वाटे रिजेक्शन बाहेर आलं, स्टोअरवाल्यांना वाटे स्टॉकचा घोळ बाहेर आला. खरं तर जीएमसाहेबांना त्यातलं निम्मं समजलेलं नसे. पण काय कळलंय आणि काय नाही, हेच कुणाला कळत नसे, आणि त्यातच त्यांचं साहेबपण होतं. कोपऱ्यातून हे बघणाऱ्या आपल्या ट्रेनीने तेव्हाच मनाशी ठरवलं, की एक दिवस आपल्यालाही असं पाकीट यायला पाहिजे.

पंचवीस वर्षं राबून, दोन प्रमोशनं हुकून, एक हिसकावून ते त्या केबिनपर्यंत पोचले. केबिन मिळाली. पाकीट तेवढं नामशेष झालं होतं.

पाकिटाचं स्वप्न काही चाकणच्या ट्रेनीनेच पाहिलं होतं असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे जॉन रॉकार्ट यांनी 1979 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये सांगून टाकलं की कुठली माहिती हवी ते कंपनीच्या प्रमुखाने स्वतः ठरवावं. थोड्याच, पण ज्यांच्यावर धंदा तरतो किंवा बुडतो अशा गोष्टी निवडाव्यात. 1982 साली त्यांनी आणि मायकेल ट्रीसी यांनी त्याच मासिकात, स्वतः टर्मिनलसमोर बसणाऱ्या वरिष्ठांवर लेख लिहिला. बड्या साहेबाने हाताखालच्या माणसाला न विचारता कळफलक दाबून माहिती काढायची, ही तेव्हा लेख लिहिण्याजोगी बातमी होती. पुढे त्याचं बाजारात एक्झिक्युटिव्ह इन्फर्मेशन सिस्टिम झालं.

विमानं बनवणाऱ्या लॉकहीड-जॉर्जिया कंपनीने तर 1978 पासूनच आपल्या वरिष्ठांसाठी अशी व्यवस्था उभी करायला घेतली होती. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं तंत्रज्ञानाचं काही नाही. आकडा पडद्यावर चढण्याआधी तो तपासून घेणारी माणसं तिथे नेमलेली होती, आणि प्रत्येक पडद्यावर लिहिलेलं असे की हा आकडा कुठून आला आणि शंका असेल तर कुणाला, कुठल्या नंबरवर फोन करायचा. मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने रिफ्रेशसाहेबांना सांगितली. म्हटलं, सर, आपणही प्रत्येक आकड्याखाली नाव आणि नंबर टाकूया. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “नको. नंबर दिला तर एमडी परस्पर त्यालाच फोन करतील.”

त्याच्याही आधी, 1971 ते 1973 या काळात, चिलीमध्ये स्टॅफर्ड बीअर या इंग्रज माणसाने सरकारी कारखान्यांचा कारभार एका खोलीतून बघता यावा म्हणून सँतियागोमध्ये एक खोलीच बांधून घेतली होती. षट्‌कोनी खोली, सात फिरत्या खुर्च्या, खुर्चीच्या हातावर मोठमोठी बटणं. टाइप करायचा कळफलक मुद्दाम ठेवला नव्हता, कारण कळफलक आला की साहेब आणि आकडा यांच्यात टायपिस्ट येणार. खोलीचे फोटो पाहिले तर आजही वाटतं की अंतराळयानच आहे. पण कारखान्यांतून आकडे येत ते टेलेक्सने, आणि भिंतीवर जे आलेख उजळत ते आतल्या बाजूला माणसांनी हाताने काढलेल्या स्लाइडचे असत. 1973च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि खोलीचा खेळ संपला. हाताने काढलेल्या स्लाइड मात्र नंतर आमच्या धंद्यात ठाण मांडून बसल्या. त्यांच्याकडे पुढे येतो.

तर या सगळ्या जुन्या व्यवस्थांत एक गोष्ट सारखी होती. माहिती महाग होती, म्हणून ती थोड्यांना होती. प्रत्येक मशीनवर वेगळं सॉफ्टवेअर चढवायला लागे, त्याचं लायसन्स, ते बसवायला फ्लॉपीची चळत घेऊन येणारा माणूस. इतका खटाटोप ज्याच्यासाठी करायचा तो तितका मोठा साहेब असावा लागे.

मग वेब आलं आणि साहेबांचा घात झाला. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत जो प्रस्ताव मांडला तो मुळात तिथल्याच एका कटकटीवर होता. माणसं नोकरी सोडून जातात आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते, ती टिकवायची कशी? म्हणजे वेबचा जन्मच ऑफिसातली माहिती सगळ्यांच्या हाताशी ठेवायला झालेला. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ते जगाला फुकट देऊन टाकलं. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त कुणी काढला माहीत नाही, पण ईडीपीच्या खोलीतल्या माहितीसाठी तो बरोबर लागू पडला.

ब्राउझर सगळ्यांच्याच मशीनवर आला. कंपन्यांनी आपल्यापुरतं आतलं वेब, म्हणजे इंट्रानेट, उभं केलं. आता साहेबांच्या मशीनवर काही बसवायचं नाही. एक पत्ता टाइप करायचा, रिपोर्ट समोर. साहेब खूश. मग त्यांच्या लक्षात आलं की तोच पत्ता कुणीही टाइप करू शकतो. पाकीट फॉरवर्ड करता येत नव्हतं. लिंक करता येते.

पुढची पंधरा-वीस वर्षं अशीच गेली. पूर्वी आकडा बदलायचा तर अख्खं पान नव्याने उतरावं लागे, तेवढ्यात चहाचा घोट घेता येई. 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये पान न हलवता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची सोय आली, 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्या तंत्राला एजॅक्स हे नाव दिलं, आणि चहाचा घोटही गेला. आकडे बसल्याजागी बदलू लागले. 2015 मध्ये पॉवर बीआय हे डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी बाजारात आलं आणि अकाउंट्समधला कुठलाही पोरगा जेवणाच्या सुट्टीत डॅशबोर्ड बनवू लागला. आमच्यासारख्यांच्या पोटावर पाय आला, पण तो विषय वेगळा.

साहेबांचा दिवस आता कसा जातो ते सांगतो. कंपनीचं मुख्यालय जर्मनीत आहे आणि तिथे बसलेला मोठा साहेब तीच लिंक उघडतो. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इकडे उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. या वेळेपर्यंत कारखान्यातलं जे काही वाईट घडलं ते फक्त आपल्या साहेबांना माहीत असतं. तेवढ्या वेळात ते खरे साहेब असतात. केबिनचं दार लावून बसतात, मध्येच बाहेर येऊन ‘हं’ म्हणून बघतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात तेव्हा साहेब पेढे वाटत नाहीत, एवढंच. मार्चमध्ये घड्याळं पुन्हा पुढे जातात तो आठवडा त्यांच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो.

साडेअकरानंतर फोन येऊ लागतो. “लाइन तीनवर काय झालं?” असं जर्मन वळणाच्या इंग्रजीत विचारलेलं ऐकलं आणि साहेबांनी तेवढ्यात तो आकडा पाहिलेला नसेल, तर मग दुपारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये आम्हा सगळ्यांची खैर नसते.

रिव्ह्यू मीटिंग म्हणजे ड्रिल डाउनचा उत्सव. पूर्वी बेरीज दिसायची. बेरजेच्या पोटात शिरायचं तर खाली चिठ्ठी पाठवावी लागे आणि उत्तर यायला चार दिवस. आता आकड्यावर टिचकी मारली की तो उघडतो, त्यातल्या आकड्यावर मारली की तोही उघडतो. साहेब कंपनीवरून प्लँटवर येतात, प्लँटवरून लाइनवर, लाइनवरून मशीनवर, मशीनवरून पाळीवर. एकदा असेच उतरत उतरत ते मशीन नंबर चौदाच्या दुसऱ्या पाळीत जाऊन पोचले.

“बावीस मिनिटं बंद. का?”

प्लँट हेडला माहीत नाही. प्रॉडक्शन मॅनेजरला माहीत नाही. शिफ्ट इनचार्जला फोन लावला, त्याने ऑपरेटरला दिला. स्पीकरवर बारा मॅनेजर कान देऊन.

“सर, चहा होता,” ऑपरेटर म्हणाला.

“चहा पंधरा मिनिटांचा असतो.”

“पंधरा मिन्टं चहा, सात मिन्टं लाइन. सिस्टिमला लाइन कळत नाय ना सर.”

पुढचा पाऊण तास कॅन्टीनच्या खिडकीवर चर्चा झाली. खिडक्या दोन कराव्यात की थर्मास लाइनवर न्यावेत? ज्या माणसाला पुढच्या पाच वर्षांचा विचार करायचा पगार मिळतो त्याने वहीत लिहून घेतलं, ‘थर्मास – 4’. वेबने साहेबांना तळच्या पायरीपर्यंत उतरायची सोय करून दिली. परत वर चढायचं बटण पडद्यावर डाव्या कोपऱ्यात आहे, पण ते साहेबांनी दाबलेलं मी पाहिलेलं नाही.

रंगांचंही एक प्रकरण झालं. यंत्रं किती कार्यक्षम चालतात ते मोजायला कारखान्यांत ओईई नावाचा आकडा असतो. यंत्र किती वेळ चालू होतं, किती वेगाने चाललं आणि माल किती चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. जगात 85 टक्के उत्तम मानतात, म्हणून मी 85च्या वर हिरवा, खाली पिवळा, आणखी खाली लाल असं लावलं. आमचा कारखाना 71. पडदा लालभडक. साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, “बेंचमार्कला हात लावायचा नाही. जर्मनीला कळेल. फक्त रंग 70ला बदल.” मी बदलला. दुसऱ्या दिवशी अख्खा कारखाना आषाढातल्या सह्याद्रीसारखा हिरवागार. कॅन्टीनमध्ये टीव्हीवर तोच पडदा लावलेला असतो, तिथे एका फिटरने दुसऱ्याला विचारलं, “काल रात्रीत काय केलं रे आपण?”

आणि आता चिलीतल्या त्या स्लाइड. लाइव्ह डॅशबोर्डवर रिजेक्शनचा जो आकडा टिकटिकत असतो तो येतो कुठून? क्वालिटीचा इन्स्पेक्टर तो रजिस्टरमध्ये पेनाने लिहितो. पाळी संपली की पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. वरच्या मजल्यावर एमआयएस बघणारी एक मुलगी फोटो मोठा करून, हा सात आहे की एक, असं शेजारणीला विचारत तो एक्सेलमध्ये भरते. त्या फाइलचं नाव ‘फायनल फायनल नवीन 2’. माझा डॅशबोर्ड ती फाइल वाचतो. क्लाउड, सर्व्हर, ब्राउझर, मोबाइल ॲप ही सगळी रोषणाई त्या मुलीच्या दोन बोटांवर उभी आहे. चुलतबहिणीच्या लग्नाला ती सांगलीला गेली आणि दोन दिवस आकडा हलला नाही. साहेब ओढत होते, चक्र फिरत होतं, तोच आकडा परत येत होता. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी क्वालिटी हेडची पाठ थोपटली, “बघा, प्रोसेस कशी स्टेबल झालीय!” क्वालिटी हेडने मान खाली घालून कौतुक स्वीकारलं. मुलीला पुढच्या महिन्यातल्या सत्यनारायणाची सुट्टी मागायच्या आधीच मिळाली.

तांत्रिक बाब म्हणून हेही नोंदवून ठेवतो, की आम्ही वापरतो त्या स्वस्तातल्या लायसन्सवर मागचे आकडे दिवसातून ठरवून आठ वेळाच ताजे होतात. मधल्या वेळेत अंगठ्याने पडदा कितीही ओढला तरी तेच जुने आकडे पुन्हा रंगवले जातात. करारात हे बारीक अक्षरांत दिलेलं आहे आणि त्या पानावर साहेबांची सही आहे.

एवढी माहिती गुप्त राखायला वेबमध्ये बंदोबस्तही चोख असतो. कुणाला काय दिसावं हे पदाप्रमाणे ठरवता येतं, पासवर्ड नव्वद दिवसांनी बदलावा लागतो, शिवाय लॉगिन करताना फोनवर ओटीपी. साहेबांचा पासवर्ड त्यांच्या सेक्रेटरीकडे असतो, कारण त्यांच्या लक्षात राहत नाही. ओटीपी येणारा फोन सकाळी गाडीत चार्जिंगला असतो, म्हणून तो ड्रायव्हर वाचून सांगतो. साहेब जिना चढून येईपर्यंत सेक्रेटरीने पडदा उघडून ठेवलेला असतो आणि ड्रायव्हरला सेक्रेटरीच्या आवाजावरून अंदाज आलेला असतो. म्हणजे कंपनीतली सगळ्यात गोपनीय बातमी सगळ्यात आधी पार्किंगमध्ये पोचते. हे साहेबांना सांगायची हिंमत माझ्यात नाही.

त्यांनाही कुणकुण लागली असावी. वेबवरचं पान कुणी, किती वाजता, किती वेळ उघडलं याची नोंद सर्व्हर ठेवत असतो. कागदी रिपोर्टला ही सवय नव्हती. मी बोलता बोलता हे सांगून गेलो आणि साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी डॅशबोर्ड कोण कधी बघतं याचा एक वेगळा डॅशबोर्ड मागवला. रोज सकाळी कंपनीत पहिलं कुणी उघडलं, त्याचं नाव वर, ठळक. तो बनवून दिला तेव्हापासून साहेब तेवढाच बघतात. रात्री दोनलाही बघतात, हे मला कळतं, कारण त्या डॅशबोर्डची नोंद माझ्याकडे असते. उत्पादनाचं पान मग कधीतरी. ‘ग्राहकांच्या तक्रारी’ नावाचं एक पान मी मोठ्या मेहनतीने केलं होतं. ते उघडणारा आजवर मीच एकटा.

रसेल अकॉफ नावाच्या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञाने 1967 सालीच लिहून ठेवलं होतं की मॅनेजर लोकांचा खरा त्रास माहिती कमी पडण्याचा नाही, नको ती माहिती अंगावर कोसळण्याचा आहे. तेव्हा वेबचा पत्ताही नव्हता. मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. जुन्या जीएमना महिन्यातून एकदा आकडे कळत, म्हणून उरलेले दिवस ते रोज सकाळी लाइनवरून चक्कर मारत. दुसरा इलाजच नव्हता. कुठल्या मशीनचा आवाज बदललाय हे त्यांना सात तारखेची वाट न बघता कळे. रिफ्रेशसाहेब लाइनवर शेवटचे गेले ते बहुधा खंडेनवमीच्या पूजेला, आणि तेव्हाही मशीन नंबर चौदा कुठलं ते त्यांनी विचारून घेतलं.

पण साहेबांची नुसती टिंगल करणं बरं नाही. 2020च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळे आकडे शून्य झाले. साहेब घरी बसून ते शून्य ओढत राहिले. पलीकडे जर्मन साहेबही ओढत होता. शून्य दोघांना एकदमच कळलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमेकांशी बरं जमलं. पुढे कारखाना थोडाथोडा उघडू लागला तेव्हा कुठला माल कुठल्या पुरवठादाराकडे पडून आहे, कुठला ट्रक कुठे अडकलाय, किती माणसं कामावर येऊ शकतात, हे सगळं साहेबांनी घरच्या डायनिंग टेबलावरून पाहून जुळवलं. पाकिटाच्या जमान्यात हे झालं नसतं, हे मान्य करायला हवं. वहिनी मात्र तेव्हापासून एक गोष्ट शिकल्या. जेवताना त्या साहेबांच्या फोनकडे तिरक्या नजरेने बघतात. लाल असेल तर गोडाचं काहीतरी करतात. हिरवं असेल तर माहेरचा विषय काढतात.

या सगळ्या पसाऱ्यात साहेबांना जिंकलेला एकच माणूस आहे. स्टोअरचे काका. निवृत्तीला आलेले. लाल कापडी बांधणीचं रजिस्टर अजून ठेवतात आणि सिस्टिममध्ये नोंद करायला हाताखालच्या मुलाला लावतात. काकांनी आजपर्यंत डॅशबोर्ड उघडलेला नाही. पण एखादा आयटम संपत आला, एखादा लॉट परत आला, की काका मुलाला हात दाखवून थांबवतात आणि साहेबांना फोन लावतात.

“सर, अजून सिस्टिमला टाकलेलं नाहीये. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं.”

बस. साहेबांचा आवाज खाली येतो. ते उठून केबिनचं दार लावतात. दहा मिनिटांनी बाहेर येतात आणि ‘हं’ म्हणतात. तोवर काकांच्या मुलाने नोंद केलेली असते, जर्मनीत आकडा लाल झालेला असतो, फोन वाजतो आणि साहेब शांतपणे म्हणतात, “येस, आय नो.” हे तीन शब्द म्हणायला मिळावेत म्हणून माणसाने पंचवीस वर्षं नोकरी केली आहे. काकांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. स्टोअरमध्ये कूलर आला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी अशा कंपनीत लागणार असेल, किंवा घरातलं कुणी इंजिनिअर होऊन चाकणच्या बसची वाट बघत असेल, तर त्याला सांगा. डॅशबोर्ड बनवायला जरूर शिक, एक्सेल शिक, रंग नीट लाव. पण आकडा सर्व्हरवर चढवायच्या दहा मिनिटं आधी साहेबांना फोन कर, आणि आवाज थोडा खाली ठेव. पगारवाढीची यादी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साहेब एकटे बसून करतात, आणि ती अजून कुठल्याही डॅशबोर्डवर नाही.